डाव्या बाजूचं दूध

तुमच्या छातीत आत्ता दगड झाला असेल, पदराचा काठ लागला तरी कळ मस्तकात जात असेल आणि घरातले सगळे "होतंच असं बाळंतिणीला" म्हणत असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर मला शहाणपण शिकवायला येऊ नये. ते मी पोटभर ऐकलं आहे.

मी लेखिका नाही. वेंगुर्ल्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली. माझ्या माहेरी किंवा सासरी माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे सलग चार पानं लिहायची सवय मला फक्त परीक्षेत झाली. तिथेही 'स्तन' हा शब्द कधी लिहावा लागला नाही. आता लिहिताना हात अडतो, पण लिहिणार आहे, कारण आमच्या घरात त्या अवयवाला नावच नाही. सासू "थंय", म्हणजे 'तिथे', म्हणते. नवरा "तो भाग" म्हणतो. शेजारची जना काकी काहीच म्हणत नाही, नुसती हनुवटी त्या दिशेला करते. नाव नसलेल्या या जागेबद्दल प्रत्येकाला मत मात्र आहे, आणि ते विचारायच्या आधी मिळतं.

मी चुकीचं काही लिहिलं असेल तर डॉक्टरांचं खरं धरा. शेजारणीचं धरू नका.

मोरी

आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरीचं सांबारं देतात. मोरी म्हणजे लहान मुशी, शार्कच्या जातीचा मासा. मांस मऊ, बारीक काट्यांची कटकट नाही, आणि खाल्ली की दूध वाढतं असं प्रत्येक घर मानतं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी झालं. सासू वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकते. मोरीला तोटा नव्हता.

सासूबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बाजारात कुणी तिच्या माशाकडे बघून नाक मुरडलं, तर ती मासा उचलून त्याचा कल्ला उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते. "कल्लो बघ, कल्लो! लालबुंद आसा! शिळा म्हणतंस कोणाक?" मासा कालचा असो की परवाचा, बर्फात नीट ठेवला असेल तर तो ताजा, हा तिचा कायदा आहे.

माझी मुलगी तनू महिन्याचीही झाली नव्हती, तेव्हा माझी डावी बाजू जड झाली. सकाळी बाहेरच्या अंगाला सुपारीएवढी गाठ लागली. संध्याकाळपर्यंत ती पसरली. कातडी ताणून चकचकीत आणि लाल झाली. तनू तोंड लावायची, पण इतक्या टणक जागी तिला पकड घेता यायची नाही. मग ती मान फिरवून किंचाळायची.

इथे जी चूक झाली ती आमच्याच लोकांना सुचू शकते. पोर डावीकडे रडते हे सासूने बघितलं आणि ठरवून टाकलं की डावीकडे दूधच नाही.

"आटला गो डावीकडचा," ती म्हणाली. "पुस्तकां छातीक धरून फिरलंस दोन वर्सां. मगे दूध खंयसून येतला?"

म्हणजे जी बाजू दुधाने तुंबली होती तिला रिकामी ठरवलं, आणि तिच्यात आणखी दूध आणायचा उद्योग सुरू झाला. दुपारी मोरी, संध्याकाळी मोरी, मधे अळिवाचे लाडू. "खा गो, चेडवा. तुझ्यासाठी नाय, पोरासाठी खा." माझ्यासाठी नाही, एवढं तरी तिने खरं सांगितलं.

जना काकी तेल कडकडीत तापवून घेऊन आली. गाठ फोडायची म्हणून तिने अंगठ्याने अशी रगडली की मी दाताखाली पदर धरला. "रडतंस कित्या? आमी चार चार पोरां काडली," ती म्हणाली. तिला कधी अशी गाठ आली होती का, हे मी विचारलं. "माका कशाक येतली? माझा दूध सारखा व्हावायचा!" म्हणजे ज्या दुखण्याची तिला काडीची ओळख नव्हती, त्याचा इलाज मात्र तिला पाठ होता.

मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट मोठी लागली होती. ठसका आला असता तर काय ठरलं असतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गाठ आणखी तापली तेव्हा सासूने नवा शोध लावला. "डावी बाजू पोराक लावू नको. थंय वायट दूध साकळला. पोराच्या पोटात जातला."

"काल तू म्हणालीस, आये, डावीकडे दूधच नाय."

"काल नव्हता. आता वायट आसा."

मी डावीकडे पाजणं बंद केलं. उजवीकडे पाजत राहिले, डावीकडे शेक घेत राहिले आणि मोरी खात राहिले.

तुमच्यावर ही वेळ आली तर असं करा, म्हणजे जे मला नंतर दवाखान्यात कळलं ते करा. दुखणाऱ्या बाजूला पाजणं थांबवू नका. ते दूध बाळाला बाधत नाही. बाळाने नाही घेतलं तर हलक्या हाताने, बाळ रोज पितं तेवढंच काढा. पाजून झाल्यावर थंड पाण्यात भिजवलेला फडका ठेवा. रगडू नका, रगडू देऊ नका. आणि ताप आला, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. दृष्ट काढणाऱ्यांना घरी बसवा आणि तुम्ही जा.

ताप

मला हुडहुडी भरली तेव्हा नवरा बोटीवर होता. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. मी सासूला म्हटलं, मला डॉक्टरकडे जायचंय.

"बाळंतीण सव्वा महिनो उंबऱ्याभायर पाय टाकूची नाय."

"ताप इलो तर?"

"तापाची गोळी उंबऱ्याच्या भितुर येता."

गोळी आली. ताप उतरला आणि पुन्हा चढला. नवरा बोटीवरून आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि आईकडे बघितलं. बोटीवर म्हणे वादळात तो सगळ्यांत धीराचा. घरात दोन बायकांच्या मधे त्याची होडी लगेच कलंडते. शेवटी मीच तनूला गुंडाळलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. मग तो चपला घालून मागे आला. सासू ओट्यावरून म्हणाली, "काय बरावाईट झाला तर माका सांगू नको." आम्ही एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. प्रत्येक खड्ड्याला मी डाव्या हाताची ढाल करून बसले होते.

सरकारी दवाखान्यात खिडकीवर केसपेपर काढायचा असतो. काय होतंय, असं आतल्या बाईंनी विचारलं. माझा नवरा, बोटीवरचा धीराचा गडी, म्हणाला, "ताप."

"नुसता ताप?"

"होय, नुसतोच."

त्यामुळे आम्ही तापाच्या रांगेत बसलो. पुढे खोकणारा म्हातारा, मागे मलेरियाच्या संशयाचा खलाशी, आणि मधे मी, कुशीत तान्हं पोर. माझी डावी बाजू ठसठसत होती. मी नवऱ्याला म्हटलं, "जाऊन नीट सांगा."

"काय सांगू?"

"काय झालंय ते."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "सगळे ऐकतत गो."

त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा आधी कधी आला नव्हता. माझ्या अंगात विष पसरत होतं आणि त्याला लोकांच्या कानांची काळजी होती. मी उठले. तनूला त्याच्या हातात दिलं आणि खिडकीशी गेले. माझा आवाज हळू निघाला. बाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला."

मग मी मोठ्याने बोलले. "माझ्या डाव्या स्तनात गाठ झाली आहे. लाल झाली आहे. बाळ महिन्याचं आहे."

रांग माझ्याकडे वळली. माझा नवरा भिंतीवरचं कुटुंब नियोजनाचं पोस्टर इतकं मन लावून वाचू लागला, की जणू त्यावर त्याची परीक्षाच होती. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता कागद बदलला आणि दुसऱ्या खोलीचा नंबर सांगितला. कुणी मेलं नाही. छप्पर कोसळलं नाही. हा शब्द बोलायला एवढंच लागतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बोट लावताच मी ओरडले. त्यांनी विचारलं, "या बाजूने पाजणं कधीपासून बंद केलं?"

मी सांगितलं.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो तनूच्या टोपीची गाठ सोडवत होता. ती गाठ सुटलेलीच होती.

दूध आत साचलं, सूज आली, मग जंतू लागले, आणि आता आत पू झाला आहे, असं त्यांनी सांगितलं. गळू. दाखल व्हावं लागेल, पू काढावा लागेल. मला एकच विचारायचं होतं. कॅन्सर तर नाही ना, हे नाही. ते मी विसरलेच. मी विचारलं, "हिला अंगावर पाजता येईल ना?"

याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आता प्रयत्न करते. त्या घरातलं स्वयंपाकघर सासूचं, खोली नवऱ्याची, नाव त्यांचं, तनूच्या पाळण्याची दोरीसुद्धा कुणी बांधायची ते जना काकी ठरवणार. तनू माझ्या अंगावर असते तेवढा वेळ ती माझी असते. तेवढा वेळही गेला असता तर मी त्या घरात नुसती राहायला असते.

डॉक्टर म्हणाल्या, "येईल. पाजायचंच आहे. थांबलात तर उलट वाढेल."

बाहेर आलो तेव्हा नवरा म्हणाला, "मी पावडरीचो डबो घेऊन येतंय. तेवढीच सोय." डॉक्टरांचं बोलणं संपून पाच मिनिटंही झाली नव्हती.

वॉर्ड

आधी सुईने पू काढून बघितला. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून छोटी चीर दिली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. चीर देण्याआधी जी भीती असते ती चिरेपेक्षा मोठी असते, एवढं खरं.

वॉर्डातला दिवस सलाईनच्या बाटलीने, ड्रेसिंगच्या ट्रेने आणि भेटायला येणाऱ्यांनी बनतो. पहिल्या दोघांनी बरं वाटतं. भेटायला येणारी माणसं शहाळं आणतात आणि त्याच्या किमतीचं बोलून जातात. एक लांबची आत्या माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत म्हणाली, "आजकालच्या चेडवांचा अंगच नाजूक." दुसरीने मोबाइलवर आलेला, छातीवर ठेवायच्या कोबीच्या पानांचा फोटो दाखवला. तिसरी तनूला घेऊन म्हणाली, "हिका पावडरीचा द्या, कशी गुबगुबीत होतली बघा." तिघींनी मला कसं वाटतंय, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं.

तिथली सिस्टर तोंडाने फटकळ होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "कॉलेजला जातेस ना? मग सासूने सांगितलं म्हणून बाजू बंद केलीस? उद्या श्वास बंद कर म्हणाली तर करशील?" मला रडू आलं. ती रडू आल्याचं न बघता तनूला उचलून माझ्या उजव्या काखेखाली ठेवून गेली, बाळाचे पाय पाठीकडे, डोकं पुढे, उशीचा आधार. डाव्या जखमेला धक्का न लागता तनू प्यायला लागली. त्या वॉर्डात माझ्यावर झालेली ती सगळ्यात मोठी दया. तीही ओरडत ओरडत झाली.

डावीकडे तनूचं तोंड ड्रेसिंगपर्यंत पोचायचं, म्हणून काही दिवस त्या बाजूचं दूध हाताने काढावं लागणार होतं. सिस्टरने शिकवलं. हात साबणाने धुवायचे. अंगठा वर, बोटं खाली, काळसर भागाच्या थोडं मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. कातडीवर बोटं घसरवायची नाहीत, टोक ओढायचं नाही. मी वाटीत चार थेंब काढले आणि एखादं बक्षीस मिळाल्यासारखी वाटीत बघत बसले.

"चार थेंब आहेत," सिस्टर म्हणाली. "समुद्र नाही. चालू ठेव."

आणि मग एक गोष्ट झाली जिची मला कुणी कल्पना दिली नव्हती. ड्रेसिंग सोडलं तेव्हा कापसावर रक्त-पुवाबरोबर पांढरं होतं. जखमेतून दूध येत होतं. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, हळूहळू बंद होईल, पाजणं सोडू नका. मी घाबरले, पण त्यांच्या आवाजात घाबरणं नव्हतं म्हणून सावरले.

नवऱ्याने हे घरी सांगितलं. जो माणूस खिडकीवर एक शब्द बोलू शकला नाही, तो हे मात्र तपशिलासकट बोलला. दुसऱ्या दिवशी सासू बाजार सोडून पहिल्यांदाच दवाखान्यात आली. केळीच्या पानात बांधलेली पुडी तिने माझ्या मांडीवर ठेवली. आत मोगऱ्याचा जाड वळेसार होता. गजऱ्याला आमच्याकडे वळेसार म्हणतात.

शेजारच्या खाटेवरची बाई हेव्याने म्हणाली, "सासू बरी गो तुझी. वळेसार घेऊन येता!"

सासू माझ्या कानाशी वाकली. "ह्यो थंय बांधून ठेव. मोगऱ्यान दूध आटता. दोन दिसांत सुटतलंस. फोड झालेल्या जाग्यातला दूध ता, पोराक कसा देतलंस? पावडर आसा घरात."

मोगऱ्याची फुलं छातीला बांधली की दूध आटतं असं आमच्याकडच्या बायका मानतात. मूल गेलेल्या बाईला बांधतात. माझं मूल समोर खाटेवर मुठी चोखत होतं.

मी तिच्याशी भांडले नाही. मला भांडता येत नाही, माझा आवाज चिरकतो. मी तो वळेसार पुडीतून काढला आणि दोन्ही हातांनी केसांत माळला. डावा हात वर नेताना जीव गेला, पण नेला. मग तनूला उचललं आणि सिस्टरने शिकवलं तसं काखेखाली घेतलं.

"शिरा पडली तुझ्या तोंडार," एवढीच शिवी सासूने दिली, आणि तीही हळू, कारण शेजारची बाई अजून हेव्याने बघत होती.

ट्रे घेऊन आलेली सिस्टर थबकली. "आजारी आहेस की लग्नाला निघालीस?"

फुलांनी खरंच दूध आटतं का, मला माहीत नाही. न पाजल्याने आटतं. त्या रात्री वॉर्डभर मोगरा दरवळला आणि माझी उशी दुधाने ओली झाली.

डबी

घरी आले, जखम भरली, तनू डाव्या बाजूला पुन्हा प्यायला लागली. सुरुवातीला नाखुशीने, मग सवयीने. पण शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. पेपरच्या दिवशी मी सकाळी जाऊन दुपार उलटल्यावर येणार. तेवढ्या वेळाचं दूध कसं काढून ठेवायचं, हे मी सिस्टरला विचारूनच आले होते. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं देते.

झाकणाच्या लहान काचेच्या किंवा स्टीलच्या डब्या पाण्यात उकळून, वाळवून घ्या. प्रत्येक डबीत एका वेळेपुरतंच दूध. डबीवर चिकटपट्टी लावून काढल्याची वेळ लिहा. आधीच्या थंड दुधावर नवं कोमट दूध ओतू नका. बाहेर फार तर चार तास, पण आमच्या उकाड्यात मी तेवढंही धरत नाही, लगेच फ्रीजमध्ये ठेवते. फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला, दारात नाही. सिस्टरने चार दिवस सांगितले होते, मी दुसऱ्या दिवशी संपवते. फ्रीझरमध्ये ते काही महिने टिकतं म्हणतात. आमच्या फ्रीझरमध्ये सुरमई असते, त्यामुळे तो विषय मी काढला नाही. गोठवलेलं एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नका, एका दिवसात संपवा. देताना डबी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवा. विस्तवावर ठेवू नका. वर साय धरल्यासारखा थर आला तर घाबरू नका, डबी हलक्या हाताने फिरवली की मिसळतो. वाटी-चमच्याने पाजा. बाळाच्या तोंडचं उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या.

एवढंच आहे. यात न कळण्यासारखं काही नाही. पण हे घरात सांगताना मी जणू फ्रीजमध्ये मढं ठेवणार होते.

"बायलमाणसाचा दूध फ्रीजात?" जना काकी ओट्यावर येऊन बसली. "फुडे काय, चायत घालतलंस?"

सासूने डबी उजेडात धरली. वर थर आला होता. "ह्या फाटला. शिळा दूध पोराक देऊचा नाय."

"सकाळचं आहे, आये."

"सकाळचा म्हणजे शिळाच."

पहिल्या पेपरला मी तनूला सासूजवळ आणि दोन डब्या फ्रीजमध्ये ठेवून गेले. पेपर लिहिताना दुपारी पान्हा फुटला, ब्लाउज भिजला. मी पदर ओढून उरलेला प्रश्न पुरा केला. मग कॉलेजात दूध काढायला खोली मिळेल का, असं ऑफिसात विचारलं. तिथल्या माणसाने चष्म्यावरून बघत सांगितलं, "लेडीज टॉयलेट आहे ना." त्याने आपला डबा टॉयलेटमध्ये बसून खाल्ला असता का, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. लायब्ररीच्या मागच्या खोलीत, जुन्या नकाशांच्या आडोशाला मी दूध काढलं आणि बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून आणलं.

घरी आले तर तनू रडून लाल झाली होती. सासूने दोन्ही डब्या पातेल्यात ओतून गाईच्या दुधासारख्या उतू जाईपर्यंत तापवल्या होत्या. दूध तळाला लागलं, वास आला, तनूने थुंकून टाकलं. "बघितलंस? पोरसुद्धा पिना नाय तुझा शिळा," सासू विजयाने म्हणाली.

माझा आवाज त्या दिवशी चिरकला नाही. मी म्हटलं, "आये, परवाचो बांगडो बर्फात ठेवून आज इकतंस तो ताजो. कल्लो उघडून लोकांका दाखवतंस. माझा सकाळचा दूध बर्फात ठेवलंय, ता शिळा? आणि बर्फातलो बांगडो तू विस्तवार ठेवून वितळवतंस काय गो?"

नवरा जाळं दुरुस्त करत होता. तो हसला, आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो जाळं घेऊन मागच्या दारी गेला. आमचं दोघींचं एकमत झालेला तो पहिला प्रसंग.

दुसऱ्या पेपरच्या सकाळी मी डब्या तिच्या हातात दिल्या. "लाईट गेली तर तुझ्या बर्फात ठेव. धुतलेल्या डब्यात घालून, वेगळं. मासळीच्या पेटीत नाय."

"माका शिकवू नको बर्फ," ती म्हणाली.

बर्फ

त्या दिवशी लाईट गेली. वाऱ्याने कुठेतरी तार तुटली होती. मी पेपर देऊन एसटीतून उतरले तेव्हा वाडीतले पंखे बंद होते. फ्रीज बंद म्हणजे दूध गेलं. दूध गेलं म्हणजे पावडरीचा डबा उघडला. आणि तो एकदा उघडला की पुन्हा बंद करायला मला कोण देणार होतं?

आमच्या ओट्यावर जना काकीचा आवाज ऐकू आला. मी माडाआड थांबले.

"गो, आताच्या गरमीत ता शिळा दूध पोराक घातलंस?" जना काकी म्हणत होती. "काय झाला तर? माझा ऐक, डबो उघड."

आतून सासू बाहेर आली. तिच्या हातात रिकामी डबी होती. तिने ती जना काकीच्या अगदी नाकाखाली धरली.

"वास घे."

"काय गो..."

"वास घे म्हणतंय! शिळा म्हणतंस कोणाक? माझ्या बर्फातला आसा! सकाळधरून बर्फ बदलूचो तिनदा लागलो माका! तीस वर्सां बाजारात बसलंय, अजून कोणी माझ्या बर्फातला शिळा म्हणूक नाय. तू कोण इलंस गो मोठी?"

जना काकी वास न घेताच उठली.

इथे मला लिहायला हवं की माझे डोळे भरून आले आणि मी सासूला सगळं माफ केलं. अशा लिखाणात शेवटी तसं असतं. तसं काही झालं नाही. तिने माझी बाजू घेतली नव्हती. तिच्या बर्फाचा अपमान झाला होता, म्हणून ती पेटली. दूध कुणाचं आहे, याच्याशी तिला आजही देणं-घेणं नाही. मोगऱ्याचा वळेसार मी विसरलेले नाही, आणि आटलेलं आणि वाईट असं दोन्ही असलेलं माझं दूधही नाही.

पण पावडरीचा डबा फळीवर बंदच होता. त्याच्या झाकणावर धूळ होती. तेवढं मला पुरे झालं.

मी हात धुतले आणि तनूला घेतलं. वाऱ्यासाठी दार उघडं होतं, येणारे-जाणारे बघत होते. मी पाठ वळवली नाही. तनूने नेहमीसारखं डावीकडे तोंड नेलं. चिरेचा वण तिच्या गालाला लागतो, तिथे ती पंजा ठेवते आणि पिते.

सासू दारातून म्हणाली, "उद्या पेपर आसा?"

"नाय. परवा."

"मगे परवा डबी जराशी मोठी भर. पोर हावरा आसा."